लाल पागोट्याचा काठ

भाऊबीज, खारडी

तोळ्या,

आज भाऊबीज. टिळा लावायला भाऊ नाही, म्हणून दाराच्या खुंटीला लावला. खुंटी तुझ्यापेक्षा बरी, निदान ठोकली तिथे राहते.

आशीर्वाद वगैरे नेहमीचं तू समजून घे. मला भांडायचंय आणि कागद लहान आहे. मागच्या महिन्यात मी बसस्टँडवरच्या बूथवरून तुझ्या दुकानात फोन लावला होता. शेठ म्हणाले, "थांबा, बोलावतो." मग भांड्यांचा खणखणाट, आणि लांबून तुझं बोलणं, "सांगा, माल आणायला गेलाय." अरे, तुझा आवाज मी ओळखणार नाही? तू पहिला शब्द माझ्या कडेवर बोललास. कोइमतूर कितीही लांब असो, खोटं बोलताना तू अजून नाकातच बोलतोस.

तर ऐक. उद्या आम्ही पुष्करच्या मेळ्याला निघतोय. मामंजी, गवरीचे बापू, मी, गवरी आणि उंट. आई आणि हंजा बाणोऱ्याहून वेगळ्या येतील. या खेपेस चतुर्दशीला आपल्या राइका जातीच्या धर्मशाळेत पंच बसणार आहेत आणि हंजाचा विषय निघणार आहे. काल जेवताना मामंजी म्हणाले, "माझी लेक मी त्यांच्या दारात बांधून ठेवायला दिली नव्हती. नवरा येतही नाही आणि सोडतही नाही." मी मान खाली घालून भाकरी थापत होते. खरंच आहे ते.

तुझं आणि माझं लग्न एकाच मांडवात लागलं, हे विसरला असशील तर आठवण करून देते. त्यांची हंजा आपल्या घरी, आपली मी त्यांच्या घरी. साटंलोटं. हंजा आपल्या घरातून सुटली की त्याच दिवशी मी या घरातून सुटले. गवरी मात्र सुटायची नाही, लेकरू बापाचं. तू गेलास तेव्हा ती रांगत होती. आता सहा वर्षांची आहे आणि उंटाच्या पावलांचे ठसे ओळखायला शिकतेय. माझी केसर पुढचा डावा पाय जरा बाहेर टाकते ना, तो ठसा तर ती धावता धावता ओळखते. "ही आईची उंटीण गेली," म्हणून ओरडत येते.

म्हणून सांगते, ये. पत्र मिळालं की त्याच दिवशी गाडीत बस. पंचांपुढे उभा राहा आणि म्हण, माझ्या बायकोला मी नेतो. मग कोइमतूरला ने, नाहीतर चुलीत जा. पण ये.

तुझं पागोटं माझ्याजवळ आहे. कुणाला ठाऊक नाही. येशील तेव्हा बोडक्या डोक्याने पंचांपुढे जाऊ नकोस, आधी माझ्याकडे ये.

तुझी जीजी,
झमकू


कार्तिक शुद्ध अष्टमी, पुष्कर

तोळ्या,

पोचलो. डेरा आपल्या जुन्याच टेकाडावर टाकलाय. या वर्षी उंटांपेक्षा कॅमेरे जास्त आहेत. एक गोरी बाई सकाळपासून गवरीच्या मागे आहे. गवरी तिला दर खेपेस जीभ काढून दाखवते आणि ती दर खेपेस खूश होते. उंटाला मात्र गिऱ्हाईक नाही. लोक येतात, दात बघतात, पाठीवर थाप मारतात आणि जिलबी खायला निघून जातात. गवरीचे बापू दिवसभर गप्प असतात. माझ्याशी नाही रे, सगळ्यांशीच.

आई बरी आहे, गुडघे सोडून. भेटली तेव्हा माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. मी म्हटलं, "त्याला पत्र टाकलंय." म्हणाली, "तुझी पत्रं जातात तरी कुठे? विहिरीत टाकलीस तर बुडबुडे तरी येतील."

हंजाचं तुला काय सांगू. ती माझी नणंदही आणि भावजयही. लाडात आली की मला वहिनी म्हणते, चिडली की वन्सं. काल दोन्ही म्हणाली नाही, कारण तिला वेळ नव्हता. तिच्या उंटिणीच्या अंगावर नक्षी कातरणं चाललं होतं. कातरणारा धुळाराम, फलोदीकडचा. बायको वारलीय, एका पायाने लंगडतो, पण कात्री हातात आली की उंटाच्या केसांत वेल काय, मोर काय, जिवंत करतो. त्याच्या घरच्यांनी हंजाला पाटासाठी मागणी घातलीय. म्हणूनच मामंजींना इतक्या वर्षांनी पंच आठवले. धुळा कातरत होता आणि हंजा वेसण धरून उभी होती. मी मुद्दाम जाऊन बसले.

"धुळाभाऊ, माझ्या केसरवर पण काढा की काहीतरी."

"काय काढू, बाई?"

"माझ्या भावाचं तोंड काढा. पाठीवर नको, शेपटीखाली."

धुळा खाली मान घालून हसला. हंजा तर मोठ्याने हसली, ओढणी तोंडावर घ्यायचीही विसरली. तोळ्या, ती आपल्या घरात एवढी वर्षं आहे, पण मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हंजा हसायला लागली की माझं घर हलतं.

एरवी धुळा दुपारपर्यंत एक उंट संपवतो. त्या उंटिणीची एक बाजू त्याला सबंध दिवस पुरली.

संध्याकाळी पुनाराम भेटला. तुझ्याच बाजारात इस्त्रीचं दुकान आहे ना त्याचं, घरच्यांना घेऊन मेळ्याला आलाय. मी विचारलं, "माझा भाऊ भेटतो का?"

"भेटतो की. मजेत आहे. परवा तर बारशाला गेलो होतो."

"कुणाच्या?"

तो एकदम आमच्या भुऱ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "याचे दात किती झाले?"

"उंटाचे दात राहू दे. तुझे घशात घालीन. बारसं कुणाचं?"

मग सांगितलं त्याने. बाई तिकडचीच आहे, शिलाई करते, माणूस म्हणून चांगली आहे. मुलगा आहे आणि नाक आपल्या बापाचं आहे. मी त्याला पाबूजी देवाची आण घातलीय की इथे कुणाला बोलायचं नाही. हंजाला कळलं तर ती चतुर्दशीपर्यंत थांबणार नाही, आणि आईला कळलं तर ती नातू बघायला चालत निघेल. मी स्वतः काय केलं म्हणशील तर उंटांना पाणी दाखवलं आणि भाकरी केली. तुझा राग आला. आणि तुझ्या त्या बाळाला बघावंसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, त्याला मी काय करू.

म्हणजे तू येणार नाहीस. आता मला पागोट्याचं बोललंच पाहिजे.

आपला नियम तू विसरला नसशील. पागोट्याचा काठ फाडून बायकोच्या हातात दिला की ती मोकळी, मग ती दुसऱ्याशी पाट लावू शकते. माणूस नसला तर पंच त्याच्या पागोट्यावर भागवतात, पण पागोटं त्याचंच लागतं, त्याने डोक्याला बांधलेलं. सगळ्यांना वाटतं तुझं पागोटं तुझ्याबरोबर गेलं. तू बसमध्ये चढताना ते माझ्या ओच्यात टाकलंस आणि म्हणालास, "जीजी, तिकडे लोक हसतात. परत आलो की बांधीन." ते मीच जाणते. मी ते भुऱ्याच्या खोगिराखालच्या गादीत शिवून टाकलंय, गवताच्या मधोमध. भुरा गवरीच्या बापूंचा बसायचा उंट, तो काही विकला जायचा नाही. दर खेपेस ते खोगीर कसतात आणि तुझ्या पागोट्यावर बसून जातात.

पंचांनी विचारलं, तर मी बोलणार नाही. हंजा जशी आहे तशी राहील, मी जशी आहे तशी राहीन. हे मी तुला लिहून देतेय, तुझ्या तोंडावर मारायला. हे पाप एकटी का भोगू?

झमकू


कार्तिक शुद्ध एकादशी, पुष्कर, दुपार

तोळ्या,

आज एकादशीचं स्नान. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. हंजा मला हाताला धरून कडेच्या पायऱ्यांकडे घेऊन गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होतो. बायकांची झुंबड, पुजाऱ्यांचा आरडाओरडा, माकडं कुणाचे तरी कपडे पळवतायत. तेवढ्यात ही अगदी सहज म्हणाली, "वहिनी, त्यांना मुलगा झालाय ना?"

मी म्हटलं, "कोण बोललं? पुन्या ना? जीभ हासडते त्याची."

"पुनारामची बायको बोलली. पण बाई आहे, हे मला आधीपासून माहीत होतं. एकदा आईंसाठी स्वेटर पाठवला होता त्यांनी. आत गुंडीला हातशिलाई होती. पुरुष तशी गुंडी लावतो का?"

मी बुडी मारली. वर आले तर ती तिथेच.

"आणि पागोटं तुमच्याकडे आहे, तेही माहीत आहे मला."

तोळ्या, पाणी एवढं गार होतं तरी मला घाम फुटला.

"त्या दिवशी मी खेजडीच्या झाडामागे उभी होते. ते मला येऊ नको म्हणाले होते, तरी मी आले होते मागोमाग. वाटलं, बस सुटताना तरी बघतील. त्यांनी तुमच्या ओच्यात पागोटं टाकलं आणि तसेच चढले."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, मेले?"

"बोलले असते तर काय झालं असतं? बाबांनी ते मागून घेतलं असतं. मी सुटले असते आणि तुम्ही परत गेला असता. गवरी तेव्हा अंगावर पीत होती." मग माझ्या केसांतलं पानाचा तुकडा काढत म्हणाली, "आताही नाही बोलणार. धुळाला मी सांगितलंय, तुमच्या वाटेने तुम्ही जा. तुम्ही घाबरू नका."

एवढं बोलून तिने सूर्याला अर्घ्य दिलं. मी पायऱ्यांवर बसून रडले. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, भक्तीने रडतेय. एकीने तर मला प्रसादाचा पेढा दिला.

रडतच डेऱ्यावर आले, तर भुरा जागेवर नाही. गवरीचे बापू खुंट्याजवळ बसले होते, रिकामी दोरी हातात.

"विकला," म्हणाले. "मेडत्याकडचा गाडीवाला होता. बाकीच्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्याला सामानासकट हवा होता."

"खोगीर?"

"सगळं. गादीपण." आणि मग, कधी नव्हे ते, माझ्याकडे बघून बोलले, "जाताना मागे बघत होता गं."

मी त्यांच्याजवळ बसले. पाठीवर हात ठेवला. ते रडवेले झाले होते भुऱ्यासाठी, आणि मी, तोळ्या, खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझ्या हाताने काहीच झालं नाही. आता पंचांनी ब्रह्मदेवाची शपथ घालून विचारलं तरी मी म्हणेन, माझ्याकडे नाही. खोटंही नाही. गवरी माझ्या मांडीवर झोपलीय आणि मी हे तिच्या पाठीवर कागद ठेवून लिहितेय.

म्हणजे सुटलो आपण. तू, मी, सगळे. हंजा सोडून.

झमकू


कार्तिक शुद्ध चतुर्दशी, पुष्कर

तोळाराम,

ते एकादशीचं पत्र मी लगेच पेटीत टाकलं. पेटी मोठ्या पाळण्याच्या पलीकडे आहे. येताना उसाच्या गाडीजवळ वाळूत भुऱ्याचा ठसा दिसला. त्याला लहानपणी मागच्या उजव्या पायात बाभळीचा काटा गेला होता ना, तिथे तळव्याला अजून चीर आहे. एवढ्या माणसांच्या पायांत तो एकच ठसा, कडेने नीट उरलेला. मी बघत उभी राहिले. मग दुसरा दिसला.

मी काही ठरवलं नाही. ठरवलं असतं तर डेऱ्यावर गेले असते. पाळण्यापासून पाण्याच्या हौदापर्यंत माग लागला. हौदाशी शंभर उंटांनी चिखल केलेला, तिथे हरवला. मला वाटलं, बरं झालं, देवालाच नको आहे. आणि तेवढ्यात मीच हौदाला वळसा घालून पलीकडे शोधायला लागले होते. नंतर धावत होते. एका पोलिसाने विचारलं, "बाई, काय चोरीला गेलं?" मी म्हटलं, "काही नाही, घरचंच आहे."

मेडत्याच्या रस्त्याला लागता लागता तो म्हातारा गाडीवाला गाठला. उंटाची वेसण हातात, तोंडात विडी. मला बघून भुरा गुरगुरला आणि मान खाली घालून माझी ओढणी हुंगायला लागला. म्हातारा आधीच ओरडला, "उंट परत मिळायचा नाही हं, बाई! रडारड चालणार नाही."

"उंट लखलाभ होवो तुम्हाला. मला फक्त गादी उसवू द्या."

"गादी? का, सोनं शिवलंय की काय?"

"असतं तर नवऱ्याने सामानासकट दिला असता का तुम्हाला?"

म्हातारा हसला. भुऱ्याला बसवलं, खोगीर उतरवलं. टाके मीच घातलेले, पक्के, दातांनी तोडावे लागले. गवतात हात घातला आणि तुझं पागोटं बाहेर आलं. लाल राहिलं नाहीये ते. उंटाच्या घामाने कडांना काळं पडलंय.

म्हाताऱ्याने विडी काढली तोंडातून. "एवढ्यासाठी धावलीस? नवऱ्याचं आहे?"

"भावाचं."

"वारला?"

"नाही."

मी गादी परत शिवून देईपर्यंत तो भुऱ्याच्या गळ्यावरून हात फिरवत बसला. भुरा चांगल्या हातात गेला, हे मी गवरीच्या बापूंना सांगायचं ठरवलं होतं. ते राहून गेलं.

आज पंच बसले. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला लागून. पंचांतले वजाबाबा आता फार थकलेत, पण आवाज तसाच. म्हणाले, "तोळाराम आलाय का?" मामंजींनी नाही म्हणून मान हलवली. "त्याचं पागोटं?" आई म्हणाली, "डोक्यावर बांधून गेला." बिचारीला तसंच वाटत होतं. वजाबाबांनी मामंजींकडे बघून हात उडवले. "मग हरजी, पोरीला थांबावं लागेल."

हंजाने माझा हात घट्ट धरला होता. तिला वाटलं, मला धीर हवाय. मी तो सोडवला, ओढणीखालून पागोटं काढलं आणि उभी राहिले.

"हे घ्या. त्याचंच आहे. इतकी वर्षं माझ्याकडे होतं."

तिथे कोण काय बोललं ते मला आठवत नाही, गलका झाला एवढं खरं. वजाबाबा म्हणाले, "पण फाडणार कोण? घरात पुरुष नाही."

"मी."

"बाईच्या हाताने?" मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हा आई गुडघ्यावर हात टेकत उठली. म्हणाली, "मी शेतावर जायची तेव्हा त्याला हिने वाढवलाय. ज्या हातांनी त्याचं हगलं-मुतलं काढलं, ते हात चालतील. कुणाला नको असेल त्याने बाहेर जावं." कुणी गेलं नाही.

मला वाटलं होतं जोर लावावा लागेल. पण घामाने कापड विरलं होतं. टरकन फाटलं. मी काठ हंजाच्या पदरात टाकला. तोळाराम, तुझी बायको आज मोकळी झाली. तुला काही वाटेल न वाटेल म्हणून कळवते.

हंजाने तो काठ घेतला आणि माझ्या दंडावर बुक्की मारली, जोरात. "वन्सं, काय केलंत हे! मी मागितलं होतं का? मी मागितलं होतं?" आणि मग माझ्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की बाहेरचे यात्रेकरू दारात गोळा झाले.

मामंजी उभे राहिले. त्यांना मी दोष देणार नाही, तूही देऊ नकोस. म्हणाले, "झमकूसारखी सून मला मिळायची नाही. पण माझी लेक मी परत घेतली आणि त्यांचीही ठेवून घेतली, तर उद्या लोक म्हणतील हरजीने दोन्ही हातांनी ओरबाडलं. त्या घरात एकटी म्हातारी आहे. साटं फिरलं म्हणजे फिरलं." बोलताना त्यांच्या दाढीतून पाणी गळत होतं.

हंजा ओरडली, "मग मला नको मोकळीक! घ्या हा काठ परत!"

"आता फाटलं, पोरी," वजाबाबा म्हणाले.

गवरीचे बापू सगळा वेळ खाली बघत होते. मग माझ्यापाशी आले, सगळ्यांसमोर. त्यांनी आजवर चारचौघांत माझ्याशी शब्द काढला नव्हता.

"माझ्या खोगिरात होतं?"

"हो."

"माझं घर राहावं म्हणून दडवलंस?"

"हो."

"दडवलंस त्याचा राग नाही मला," म्हणाले. "काढलंस त्याचा आहे." आणि डोक्यावरचं पागोटं उतरवून त्यांनी काठ फाडला. त्यांचं नवं होतं. त्यांना दोनदा जोर लावावा लागला.

गवरी बाहेर ऊस खात बसली होती. तिला मी सांगितलं की आजीचे गुडघे दुखतात, म्हणून मी तिकडे जातेय. ती म्हणाली, "मग केसरला ठेवून जा." मी म्हटलं, केसर माझ्या माहेरची, ती माझ्याबरोबर येणार. तिने थोडा विचार केला आणि मला उसाचं एक कांडं दिलं, वाटेत खायला.

मी रडतेय म्हणून अक्षर वाकडं आलंय. वाचता आलं नाही तर पुनारामकडून वाचून घे. तो परत आला असेल एव्हाना.

झमकू


वसंत पंचमी, बाणोरा

तोळ्या,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांतलं पहिलं. भाऊबीजेचं माझं पत्र मिळाल्यावर तू ते खारडीच्या पत्त्यावर टाकलंस, म्हणून फिरत फिरत आलं. गवरीच्या बापूंनी एका मेंढपाळाबरोबर पाठवलं, न फोडता. चार ओळी आहेत. "या वर्षी जमत नाही. पुढच्या वर्षी नक्की येईन. माझं पागोटं जपून ठेव." मी ते दोनदा वाचलं आणि चुलीजवळ ठेवलं. चुलीत टाकणार होते, पण आईने उचलून छातीशी धरलं. तिला वाचता येत नाही, तेच बरं.

पागोटं आता आईने धुवून घेतलंय. काठ नाही, पण बाकी लांबच्या लांब आहे. तिने त्याची घडी करून उशाला घेतलीय. काठाचे दोन धागे माझ्या ओढणीला चिकटून आले होते, ते पाकिटात घातलेत. ते तू जपून ठेव.

हंजाचा पाट लागला. धुळाने म्हणे या खेपेस स्वतःचा उंट काही न कातरता तसाच वरातीला आणला, घाईघाईत. ती मला निरोप पाठवते, मी उत्तर देत नाही. देईन. अजून तिचं नाव काढलं की मला हेवा वाटतो, आणि हेवा वाटला की लाज वाटते. ते जरा बसू दे.

तुझ्या मुलाचं नाव काय ठेवलंस? एवढं तरी कळव. आईला मी सांगून टाकलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी उंटाच्या लोकरीचं सूत काढायला बसली. तिकडे थंडी पडत नाही म्हटलं तरी ऐकत नाही. एवढासा कांबळा विणतेय.

गवरीला मी मेळ्यानंतर पाहिलं नाही. मामंजींचे उंट दर वर्षी फाल्गुनात डोंगराकडे जातात, आपल्या गावाच्या खालच्या रस्त्याने. थांबत नाहीत. यंदा तर मुळीच थांबणार नाहीत, आणि मला रस्त्यावर जाऊन उभं राहायची सोय नाही. लोक बोलतील, पोरीचीही ओढाताण होईल. पण मी मेंढपाळाकडून काढून घेतलं, गवरी त्यांच्याबरोबर असणार आहे. कळपाच्या पुढे चालते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खाली बघून सांगते, कुणाचा उंट गेला.

म्हणून मी रोज पहाटे केसरला घेऊन रस्त्यापर्यंत जाते आणि तिथून तिला आपल्या दारापर्यंत चालवत आणते. दिवसा बैलगाड्या जातात, वारा सुटतो, ठसे पुसतात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घालते. आई म्हणते, फाल्गुनाला अजून वेळ आहे, आतापासून कशाला. मी म्हणते, केसरचे पाय मोकळे होतात.

तुझी जीजी,
झमकू